टेबलावरच्या लढाईला नवा भिडू आणताय? या चुका टाळा

"सर, एकदा येऊन बघतो" म्हणून आलेला माणूस दुसऱ्यांदा फिरकला नाही की आमच्या मिनिएचर वॉरगेमच्या ग्रुपातली जुनी मंडळी लगेच निदान करून मोकळी होतात: सोलापुरात हे चालायचं नाही, इथल्या पोरांना क्रिकेट आणि मोबाइल सोडून काही नको. पहिली काही वर्षं मीही हेच म्हणायचो. ते खोटं आहे. दिवाळीला दारापुढे माती कालवून किल्ला करणारी, तोफ बुरुजावर की दरवाजात यावरून भावंडांशी भांडणारी पोरं आपल्याकडे कमी आहेत का? त्यांना मिनिएचर वॉरगेम म्हणजे काय ते सांगायला दोन मिनिटं पुरतात. किल्ल्यावरचे मावळे हलवायचे, अंतर टेपनं मोजायचं, मारा लागला की नाही ते फाशावर ठरवायचं. "अरे, मग हे तर आम्ही करतोच की!" इथपर्यंत पोरगं आपणहून येतं. घोडं अडतं ते त्यानंतर, आणि लगाम आपल्याच हातात असतो.

पहिल्याच दिवशी अख्खी लढाई

ही चूक माझी, म्हणून सविस्तर सांगतो.

एप्रिलातला रविवार. जुळे सोलापुरात माझ्या वरच्या खोलीत इंजिनिअरिंगची तीन पोरं यायची होती. आदल्या रात्री जागून मी सहा बाय चार फुटांच्या प्लायवर मैदान मांडलं. खेळ वॉरहॅमर 40,000 नावाचा, दोन्हीकडे दोन-दोन हजार पॉइंटचं (प्रत्येक तुकडीला ताकदीप्रमाणे पॉइंट असतात) सैन्य. पाहुणे येणार तर पंगत साग्रसंगीत हवी, असा विचार. साडेदहाला नियम सांगायला बसलो. चाल, मारा, हातघाई, धैर्य, प्रत्येक तुकडीचं खास कौशल्य, आणि त्या कौशल्याला असलेले अपवाद. पावणेबारा वाजले तरी कोणाच्या हातात फासा नव्हता. मध्येच लाइट गेली. पंखा बंद, वर स्लॅब तापलेला, आणि मी आपला रंगात येऊन चिलखत भेदण्याचं गणित मांडतोय.

शेवटी डाव सुरू झाला. पहिला टर्न माझा आला. तिघांतल्या एकाला रणगाडा फार आवडला होता. आल्यापासून त्याची नजर त्यावरून हलत नव्हती. मी पहिल्याच माऱ्यात तो उडवला. वर त्याला ऐकवलं, की असा उघड्यावर ठेवायचा नसतो. ठेवला मीच होता, त्याच्या वतीनं.

पोरगं थोडा वेळ गप्प बसलं. मग मोबाइल बघून म्हणालं, "सर, घरून फोन आलाय. नळाला पाणी आलंय, जावं लागतंय." चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हे कारण कोणी खोडत नाही. पण तो साखर पेठेत राहायचा. माझी बहीण त्याच गल्लीत राहते आणि तिच्याकडे पाणी आदल्या दिवशीच येऊन गेलं होतं. बाकीचे दोघंही पाठोपाठ पाणी भरायला गेले.

आता माझा शिरस्ता असा: दोन बाय दोन फुटांचं मैदान, दोन्हीकडे पाच-पाच गडी, चार टर्न. पाऊण तासात डाव संपला पाहिजे. सुरुवातीला तीनच गोष्टी सांगतो: हा किती इंच चालतो, किती लांब मारतो, आणि कितीला पडतो. बाकीचं अडेल तिथे. खुर्चीत बसल्यापासून पाच मिनिटांच्या आत नव्या माणसाच्या हातून फासा पडलाच पाहिजे. वॉरहॅमरच हवं असेल तर त्याचा छोटा भाऊ किल टीम आहे. त्याचं मैदान 30 बाय 22 इंचांचं, डायनिंग टेबलावर मावतं आणि वर चहाचे कपही राहतात. जुन्या काळातल्या लढाया आवडत असतील तर डीबीए नावाचा 1990 पासूनचा नियमसंच बघा. दोन्हीकडे बारा-बारा तुकड्या, तासाभरात निकाल.

"पण सर, नियम माहीत नसताना तो खेळेल कसा?" हा प्रश्न मला जुनेच विचारतात, नवे नाही. प्रशियाच्या, म्हणजे आजच्या जर्मनीतल्या जुन्या राज्याच्या, सैन्यात 1824 मध्ये राइसविट्झ या अधिकाऱ्याचा युद्धखेळ आला, तेव्हा अधिकारी फक्त हुकूम द्यायचे. फासे, तक्ते, नुकसान हा सगळा हिशेब पंच बघायचा. खरे सेनाधिकारी नियमांच्या चोपडीवाचून खेळत असतील तर आपल्या डिप्लोमाच्या पोरालाच पहिल्या दिवशी चोपडी का? मी पंच होतो. तो म्हणतो, "हे दोघं भिंतीमागून जातील आणि त्या बंदूकवाल्याला घेरतील." मी म्हणतो, "सहा इंच जा, मग चार किंवा वर पाड." एवढंच.

एक गणित मात्र डावाआधीच सांगावं, नाहीतर फासे फसवे आहेत असं त्याच्या डोक्यात बसतं. दहा गोळ्या झाडल्या. चार किंवा वर पडलं तर लागते, म्हणजे पाच लागल्या. त्यातून जखम व्हायला पुन्हा चार किंवा वर, म्हणजे अडीच उरल्या. समोरच्याचं चिलखत पाच-सहावर वाचवतं, म्हणजे त्यातली एक-तृतीयांश गेली. हातात राहिले पावणेदोनपेक्षाही कमी. दहा गोळ्यांत सरासरी दोन माणसंसुद्धा पडत नाहीत. हे आधी कळलं की एक जरी पडला तरी पोरगं खूश होतं.

आणि मुद्दाम हरू नका. पोरांना ते लगेच कळतं आणि अपमान वाटतो. त्यापेक्षा जिंकायची अट वेगळी ठेवा. माझ्या पहिल्या डावात नव्या भिडूनं एक बैलगाडी मैदानाच्या या टोकाकडून त्या टोकाला न्यायची असते. पाचांतले चार पडले तरी चालतील, गाडी पोचली पाहिजे. मी जीव तोडून खेळतो आणि तरीही बऱ्याचदा गाडी पोचते.

मोकळं मैदान

आडोसा नसला की लांब मारा करणारा जिंकतो, बाकीचे बसल्या जागी मरतात. मैदानाचा निदान पाव भाग भिंती, झाडं, टेकड्यांनी भरा. टेकड्यांसाठी चादरीखाली पुस्तकं सारायची ही जगभरातली जुनी युक्ती आहे, आणि चादरीला आपण सोलापूरकर कधी कमी पडलोय? फक्त जाड, उठावदार विणीची घेऊ नका. गडी त्यावर दारू प्यायल्यासारखे कलंडतात. थर्माकोलच्या घरांवर स्प्रे पेंट मारू नका, विरघळून त्यांचं पिठलं होतं.

"आधी बॉक्स घे, मग ये"

ही चूक मी इतक्यांदा बघितली आहे की आता कोणी करताना दिसला की मध्येच तोंड घालतो.

सोलापूरच्या पूर्व भागातला, तेलुगू विणकरांच्या वस्तीतला एक मुलगा. घरी यंत्रमाग, कॉलेज करून मामांच्या कारखान्यात संध्याकाळी हिशेब लिहायचा. एकदा येऊन बसला, दुसऱ्या रविवारी पुन्हा आला, डोळे चमकत होते. आमच्यातल्या एका उत्साही भिडूनं त्याला तिथल्या तिथे सांगून टाकलं, "अमुक बॉक्स मागव, आर्मीशिवाय मजा नाही." मी शेजारीच होतो आणि मान डोलावली. पोरानं तीन महिन्यांचे पैसे घातले. बॉक्स बाहेरून मागवला, कस्टम ड्यूटी भरली. आला तेव्हा आत सैनिक नव्हतेच. चौकटींना चिकटलेले हात, पाय, डोकी, बंदुका, सगळे सुटे. कटर लागतो हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं ब्लेडनं कापलं आणि अंगठाही कापला. प्लास्टिकचा गोंद वेगळा असतो, तो प्लास्टिक वितळवून जोड घेतो आणि हात सरळ करायला थोडा वेळ देतो, हेही सांगितलं नव्हतं. त्यानं फेविक्विक वापरलं. पहिल्या सैनिकाचा हात उलटा चिकटला तो तसाच राहिला.

मग फोन केला की एकच उत्तर: "अजून जोडून झालं नाही सर, झालं की येतो." दोन महिने तेच. मग परीक्षा. मग तो यायचा बंद झाला. एकदा त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची आई माळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ते तुमचं खोकं वर ठेवलंय, आकाशकंदिलाशेजारी. परत घेणार का ओ?" मी चहा घेतला आणि खाली मान घालून निघालो. तो मुलगा खेळाला कंटाळला नव्हता. सैन्य तयार नसताना यायची त्याला लाज वाटत होती, आणि ती लाज आम्ही त्याला विकत घ्यायला लावली होती.

म्हणून आता माझ्याकडे उसन्या सैन्याचा डबा आहे. मिठाईचा जुना डबा, आत फोम, पाच-पाच गड्यांच्या चार टोळ्या, सगळ्या रंगवलेल्या. गड्यांच्या पायाखाली बैठका म्हणून नेमप्लेटवाल्याकडून 3 मिमी एमडीएफच्या (दाबीव लाकडाच्या) 25 मिमी चकत्या लेसरवर कापून घेतल्या आहेत. तिसरा डाव होईपर्यंत कोणी काही विकत घ्यायचं नाही, हा माझ्या खोलीतला कायदा. चौथ्या वेळी मी त्याला एकच गडी देतो, कटर आणि गोंद माझा, माझ्यासमोर बसून जोडायचा. मग ब्रश हातात द्यायचा. तो गडी त्याचा, घरी घेऊन जायचा.

यावर अधीर मंडळी चिडतात. "सर, सगळ्यात पॉवरफुल आर्मी कुठली ते सांगा ना डायरेक्ट." हा प्रश्न पहिल्या तासात विचारणारा सहसा सहा महिन्यांत सगळं विकून टाकतो, असा माझा अनुभव. नेटवरून जिंकणारी यादी उतरवून घेणाऱ्याबद्दल मला कौतुक नाही. नियमांची नवी आवृत्ती आली की ती यादी रद्दी होते, आणि त्याला खेळता येत नसतं ते नसतंच. भाकरी थापायची तर आधी पीठ मळावं लागतं.

उसनं सैन्य रंगवलेलं हवं, यावर मात्र मी हट्टी आहे. करड्या प्लास्टिकचे गडी बघून कोणी थांबत नाही. नवशिक्याला मात्र रंगवून आणायची सक्ती करू नका. आणि रंगकाम उन्हाळ्यात शिकवणार असाल तर प्राइमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) स्प्रे सकाळी सातच्या आत मारा. दुपारी गच्चीवर मारला तर थेंब हवेतच वाळतात आणि गड्यावर रवाळ भुकटी बसते. चेहऱ्यावर देवीचे वण असावेत तसं दिसतं.

इतिहास काढला की इंग्रज कोण होणार?

आपल्या मातीतली लढाई मांडली की पोरं येतात हे खरं. मे 1818 मध्ये इंग्रजांच्या जनरल मन्रोच्या फौजेनं सोलापूर घेतलं. आधी पेठ पडली, काही दिवसांनी किल्ला. ज्या भुईकोटाशेजारून रोज स्कूटर नेतो त्याच्या तटावर आपले गडी उभे करायचे म्हटल्यावर अंगावर काटा येतो. मी मोठ्या हौसेनं हा डाव मांडला. चार पोरं आली आणि चौघंही किल्ल्यात शिरली. इंग्रज व्हायला कोणी तयार नाही. चिठ्ठ्या टाकल्या तर ज्याला इंग्रज आला तो पहिल्या टर्नपासून हरायच्याच तयारीत, आणि बाकीचे त्याला टोमणे मारतायत. शिवकालातला डाव असेल तर याहून वाईट होतं, आणि एखादा बघायला आलेला काका त्यात भावनिक भाषण करतो.

तेव्हापासून ऐतिहासिक डावात शत्रू नेहमी मी. सगळी पोरं एका बाजूला, आपसांत मसलत करून खेळतात. या मसलतीतून जे शिकतात ते मला तासभर बोलून शिकवता येत नाही. पूर्व भागातली पोरं असली तर मसलत तेलुगूत होते. मला एक शब्द कळत नाही, म्हणजे गनिमाची अडचण आयतीच तयार.

बाकीच्या, ओळीत उरकण्यासारख्या

नियमांवरून वाद घालणाऱ्या जुन्या भिडूला पहिल्या डावाला बोलावू नका. त्याला दुसऱ्या रविवारी बोलवा.

पोरगा बहिणीला घेऊन आला तर फासे तिच्याही हातात द्या. माझ्याकडे आज सगळ्यात थंड डोक्यानं खेळणारी भिडू अशीच "दादाला सोडायला" आली होती.

"खेळणी नाहीत ओ काकू, मिनिएचर आहेत" असं कोणाच्या आईला सांगू नका. खेळणीच आहेत.

गड्ड्याच्या यात्रेत मिळणारे हिरवे प्लास्टिकचे शिपाई हिणवू नका. सहा-सात वर्षांच्या पोरांबरोबर मी आजही त्यांवरच खेळतो, तुटले तर कोणी रडत नाही.

दुसऱ्याच्या गड्याला न विचारता हात लावू नये, हे नव्याला सांगा. आणि तुमच्या गड्याचा भाला त्याच्याकडून मोडला तर चेहरा सरळ ठेवा. अवघड आहे, मला माहीत आहे.

निरोपांचा मारा करू नका. ग्रुपवर रोज रंगवलेल्या रणगाड्याचे फोटो टाकले की नवा माणूस ग्रुप म्यूट करतो, मग रविवारचा निरोपही त्याला दिसत नाही.

आणि दिवस ठरवायच्या आधी पाण्याचा वार विचारा. या रविवारी दोघं नवे येणार आहेत. एकाकडे पाणी शनिवारी येतं, दुसऱ्याकडे सोमवारी. बहिणीकडूनही खात्री करून घेतली आहे.