जुन्या ढंगाच्या झॉम्बी गेममध्ये दहाव्या राउंडच्या पुढे कसं जायचं

सल्ला मागितला की पोरं बंदुकांची नावं सांगतात. ही घे, ती घेऊ नको, नशिबाने कुठलीही बंदूक देणाऱ्या पेटीतून अमकी निघाली तर गेम तुझाच. तीच बंदूक हातात असताना हीच पोरं आठव्या राउंडला आडवी पडलेली दिसतात, कारण ती एका जागी उभी राहून मारत बसतात. या गेममधलं जगणं पायांवर चालतं. पाय कसे टाकायचे ते सांगतो; बंदूक तुम्ही कुठलीही घ्या.

कुठल्या गेमबद्दल बोलतोय ते आधी स्पष्ट करतो. २००८ साली ‘कॉल ऑफ ड्यूटी: वर्ल्ड ॲट वॉर’ आला. त्यात मुख्य मोहीम संपवली की ‘नाख्त देर उंटोटेन’ नावाचा एक जादा नकाशा उघडायचा. पडकी इमारत, फळ्या ठोकलेल्या खिडक्या, भिंतीवर खडूने काढलेल्या बंदुका, आणि राउंडमागून राउंड येणारे झॉम्बी. शेवट नाहीच, कधीतरी मरायचं, ते किती उशिरा एवढाच प्रश्न. आज छोटे स्टुडिओ पहिल्या प्लेस्टेशनसारखी ठोकळेबाज चित्रं काढून जे झॉम्बी शूटर आणतात, त्यातल्या कित्येकांचा सांगाडा हाच असतो. म्हणून खालचे आकडे मी त्या मूळ गेमचे दिलेत. तुमच्या गेममध्ये ते थोडे इकडेतिकडे असतील, हिशेब मात्र असाच लागतो.

पायरी १: मशीन थंड ठेवा

‘चित्रं जुनी, म्हणजे गेम हलका’ हा गैरसमज काढून टाका. वरचं रूप १९९५ चं असलं तरी खाली आजचं इंजिन धावत असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर गेला की पत्र्याच्या खोलीत दुपारी लॅपटॉप स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. आणि तो नेमका कधी करतो? पडद्यावर सगळे झॉम्बी एकदम आले की. गादीवर ठेवून खेळू नका, सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम ६० वर बांधा, आणि उन्हाळ्यात रात्री जेवणं आटोपल्यावरच बसा. या प्रकारच्या बहुतेक गेममध्ये राउंडच्या मधोमध सेव्ह होत नाही, म्हणून डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. लाइट गेली की अठरावा राउंडही गेला.

पायरी २: सेटिंग

हलताना चित्र पुसट करणारा मोशन ब्लर बंद. चालताना डोकं हलल्यासारखं दाखवणारा हेड बॉब बंद. माउस जोरात हलवला की नजर जास्तच फिरवणारं माउस ॲक्सिलरेशन बंद. फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे पडद्यावर किती रुंद दिसतं तो कोन, ९० च्या आसपास.

जुन्या टीव्हीसारख्या आडव्या रेघा आणि कडेला वाकलेला पडदा दाखवणारा सीआरटी फिल्टरही बंद करा. फोटो काढायला तो छान आहे, पण कडेने येणारा झॉम्बी त्यात विरघळून जातो. भिंती आणि फरश्या थरथरतात ती गंमत मात्र ठेवा. पहिल्या प्लेस्टेशनला टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवलेलं चित्र, खोलीप्रमाणे नीट ताणून बसवता येत नव्हतं, कोपऱ्यांचे बिंदूही अपूर्णांकात ठेवता येत नव्हते, म्हणून सगळं डुगडुगायचं. आजचे गेम ते मुद्दाम करतात. मला ते आवडतं. अंधार आणि धुकंही असू द्या. ब्राइटनेस पूर्ण चढवून खेळणाऱ्याला मी काही म्हणत नाही, पण मग हा गेम घेतलाच कशाला?

हेडफोन लावा. ठोकळेबाज चित्रात लांबचा झॉम्बी म्हणजे चार-पाच ठिपके, आणि पाठीमागचा दिसणारच नाही. शेजारी बसलेला मित्र ‘भो, मांगून उना!’ (मागून आला) म्हणून ओरडेपर्यंत तुम्हाला फटका बसलेला असतो. मूळ गेममध्ये ताकद वाढवणारं पेय प्यायलं नसेल तर लागोपाठचे दोन फटके पुरतात. उजव्या कानात धाप ऐकू आली की आधी सरका, बघा नंतर.

पायरी ३: पहिले पाच राउंड

इथे पॉइंट कमवायचे, बाकी काही नाही. गोळी लागली की १०, नुसता मारला की ५० ते ६०, डोक्यात मारून पाडला की १००, चाकूने १३०. त्यामुळे आधी अंगावर पिस्तुलाच्या काही गोळ्या आणि शेवटी चाकू. पहिल्या राउंडला झॉम्बीचं आरोग्य १५० असतं आणि चाकूचा एक वार तेवढाच. गोळी न घालताही तो पडतो. खिडकीला फळी ठोकली की १० मिळतात, तेही घ्या. दारं लगेच उघडू नका. पॉइंट साठले की पहिली खरेदी ते ताकदीचं पेय, २५०० ला मिळतं. नकाशात ते नसेल तर मोकळ्या जागेकडे जाणारं दार.

पेटीवर पैसे उडवायचेच असतील तर त्यानंतर.

पायरी ४: ट्रेन

सगळा गेम इथे आहे. झॉम्बींना मागे लावून त्यांची एक रांग करायची आणि ती घेऊन फिरत राहायचं, याला खेळणारे ट्रेन म्हणतात. बघायला सोपं दिसतं. करायला गेलं की बहुतेकांचं जिथे अडतं तिथेच माझंही बराच काळ अडलं होतं, आणि ‘गोल गोल पळ’ यापलीकडे कुणी धड काही सांगायला तयार नव्हतं. गोल गोल पळून काही होत नाही. का, ते समजून घ्या.

पहिली गोष्ट, एका वेळी नकाशावर किती झॉम्बी असू शकतात याला मर्यादा असते. मूळ गेममध्ये एकट्याने खेळताना ती २४. राउंडमध्ये त्याहून जास्त असले तर उरलेले बाहेर थांबतात, आणि आतला एक मेला की त्याच्या जागी एक आत येतो. आता विचार करा. चोवीसच्या चोवीस तुमच्या मागे लागलेत, तर पुढून कोण येणार? कुणीच नाही. समोरचं सगळं मैदान रिकामं. आणि तुम्ही दहाजण मागे असताना वळून दोघांना मारलं, तर नव्यांना आत यायला वाट करून दिलीत, आणि ते कुठल्या खिडकीतून उतरतील ते तुमच्या हातात नाही. बहुधा तोंडासमोरच.

म्हणून माझा नियम असा: गोळा करताना एकही गोळी झाडायची नाही. बोट ट्रिगरवरून काढा. कितीही जवळ आला, कितीही सोपा दिसला, तरी नाही. खिडक्यांतून नवा उतरायचा थांबला की समजा मर्यादा भरली. तुमच्या गेमची मर्यादा माहीत नसेल तर ती ओळखायची हीच रीत.

दुसरी गोष्ट म्हणजे वळसा. झॉम्बी तुमच्या पावलावर पाऊल टाकत येत नाही, तो तुमच्याकडे सर्वांत जवळच्या वाटेने येतो. खळ्यावर तिवड्याभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती, बैल फिरतात तेव्हा आतला बैल थोडंच चालतो आणि बाहेरच्याला जास्त अंतर तोडावं लागतं. इथे तुम्ही बाहेरचे बैल आहात. तुम्ही मोठा गोल घेता, ते आतून तिरपे कापत येतात आणि पुढे गाठतात. नुसतं गोल पळणाऱ्याचं मरण यात आहे.

यावरचा उपाय दोन टप्प्यांचा. आधी मोठा वळसा घ्या, भिंतीच्या कडेकडेने, म्हणजे सगळ्या खिडक्यांतले बाहेर पडून मागे लागतील. ते विस्कळीतच असतील, असू द्या. मग लांब सरळ पळा. सरळ पळताना जवळची वाट एकच उरते, तुमच्या मागची, आणि घोळका आपोआप आवळत जातो. आवळला की लहान, झटकन वळसा घेऊन त्याच्या बाजूने निघून जा. बाजूने म्हणजे किती बाजूने? हात लांब करून मारतो तेवढ्या अंतराच्या जेमतेम बाहेरून. फार लांबून गेलात तर घोळका पुन्हा पसरतो. हे अंतर डोळ्यांत बसायला वेळ लागतो आणि ते मला शब्दांत सांगता येणार नाही. तिसऱ्या-चौथ्या राउंडला, ते हळू चालत असताना, पाच-सहाजणांवर ही सवय करा. थेट बाराव्या राउंडला शिकायला जाऊ नका.

खांबाभोवती फिरू नका. जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत खांबाभोवतीच शिकवतात, आणि नवख्यासाठी याहून वाईट जागा नाही. तुम्ही खांबाच्या पलीकडे गेलात की अर्ध्यांना डावीकडून वाट जवळची वाटते, अर्ध्यांना उजवीकडून. रांगेच्या दोन रांगा होतात आणि तुम्ही मध्ये. मोकळी, निदान दोन तोंडांची जागा घ्या. एकाच तोंडाची खोली म्हणजे कोपरा, आणि कोपरा धरून बसायचा सल्ला देणारा स्वतः किती राउंड टिकतो ते आधी विचारा. मित्राला शिकवताना मी एवढंच म्हणतो, पयाले (पळायला) जागा ठेव.

आता ज्याने सर्वांत जास्त ट्रेन मोडतात ते. मधल्या राउंडमध्ये सगळ्यांचा वेग सारखा नसतो. काही धावतात, काही अजून रखडत चालतात. धावणाऱ्यांना घेऊन तुम्ही वळसा पूर्ण करून येता, आणि रखडणारा अजून मध्येच असतो, म्हणजे आता तुमच्या पुढे, आडवा. याच्यासाठी, आणि फक्त याच्यासाठी, वरचा गोळी न झाडण्याचा नियम मोडा. रखडणारे आधी, एकेकटे गाठून संपवा. पुढच्या राउंडमध्ये बहुतेक सगळे धावायला लागले की काम उलट सोपं होतं. दहाच्या पुढे गेम कठीण होतो असं सगळे म्हणतात. ट्रेन जमणाऱ्याला तो तिथून सुसूत्र वाटायला लागतो.

एकटा समोरून आलाच तर थांबू नका आणि मागे सरकू नका. मागे चालण्याचा वेग पळण्याहून कमी असतो आणि मागे काय आहे ते दिसत नाही. डावीकडे हुलकावणी द्या, तो झुकला की उजवीकडून निघा. सपाट चित्रांचे झॉम्बी असलेले गेम इथे थोडे फसवतात. १९९३ च्या ‘डूम’मध्ये प्रत्येक राक्षसाची आठ बाजूंनी चित्रं होती, त्यामुळे त्याचं तोंड कुणीकडे आहे ते कळायचं. स्वस्तात केलेल्या नकलांमध्ये एकच चित्र असतं आणि झॉम्बी कुठेही जात असला तरी तुमच्याकडेच बघतोय असं वाटतं. तिथे चित्रावर विश्वास ठेवू नका, तो मोठा होतोय की बाजूला सरकतोय एवढंच बघा.

मारायचं कधी? लांब सरळ पळून घोळका आवळला, तुमच्यात आणि त्याच्यात बऱ्यापैकी अंतर पडलं, की वळा. डोक्याच्या उंचीवर, अर्ध्या मॅगझिनपर्यंत, आणि लगेच निघा. सगळं मॅगझिन संपवायचा मोह होतो, कारण ते एकामागोमाग पडत असतात आणि बघायला फार छान वाटतं. तो मोह आवरा. रिलोड वळशाच्या लांबच्या टोकाला, चालता चालता. कित्येक गेममध्ये जोरात पळायला लागलं की रिलोड तुटतो, हे ध्यानात ठेवा. जितके पाडले तितके नवे आत येतील, म्हणून पुन्हा मोठा वळसा, पुन्हा गोळी बंद, पुन्हा आवळा.

पायरी ५: बंदूक

आता बंदुकीचं. नवव्या राउंडपर्यंत झॉम्बीचं आरोग्य दर वेळी १०० ने वाढत ९५० ला पोचतं. तिथून पुढे दर राउंडला आधीच्या दहा टक्क्यांनी. विसाव्याला साधारण २७००, तिसाव्याला ७००० च्या वर. चक्रवाढ व्याज आहे ते, आणि तुमच्या गोळीचा जोर आहे तिथेच. म्हणून बंदूक सुधारून देणारं यंत्र असेल तर तिथले ५००० पॉइंट वाचवू नका. मोठं मॅगझिन आणि एकातून दुसऱ्यात जाणारी गोळी ज्या बंदुकीत आहे ती घ्या, नाव काहीही असो. आवळलेल्या रांगेत एक गोळी दोघा-तिघांना लागते.

पायरी ६: शेवटचा एक

राउंडमधला शेवटचा झॉम्बी मारू नका. बॉम्बने पाय तोडून तो सरपटता ठेवला तर उत्तम. तो सरपटतोय तोवर खरेदी करा, खिडक्या दुरुस्त करा, पाणी पिऊन या. फार वेळ लावू नका, काही गेममध्ये असा सोडलेला झॉम्बी काही वेळाने आपोआप मरतो आणि पुढचा राउंड सुरू होतो.

दोघे असाल तर

राउंडमधले झॉम्बी वाढतात. सुरुवातीलाच जागा वाटून घ्या, एकाला मैदान, दुसऱ्याला लांब गल्ली, आणि दुसऱ्याच्या रांगेला ओलांडून जाऊ नका. ती फुटते आणि दोघे मरतात. मित्र पडला तर लगेच धावू नका, आपली रांग त्याच्यापासून दूर नेऊन सोडा, मग त्याला उठवा. आणि ज्याला काही केल्या एका जागी उभं राहूनच मारायचंय, त्याला पहिले पाच राउंड एक खिडकी देऊन टाका. फळ्या ठोकून पॉइंट तरी करील.