वेट फ्लायने ट्राउट गरवताना या चुका टाळा

हिमाचलातल्या तीर्थन, सैंज किंवा बरोटच्या ऊहल नदीवर स्वतः बांधलेली वेट फ्लाय (हूकवर रेशीम आणि पीस बांधून केलेला, पाण्याखाली चालणारा नकली किडा) घेऊन उतरणाऱ्या नवख्याची तक्रार बहुधा एकच असते: मासे दिसतात, पण लागत नाहीत. मग दोष पाण्याला, हवेला नाहीतर नशिबाला जातो. खरं कारण बहुतेक वेळा दोन ठिकाणी सापडतं. हूकवर गुंडाळलेलं जास्तीचं सामान आणि पाण्यावर टाकलेली जास्तीची लाइन, म्हणजे फेकायची जाड दोरी.

ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखालीच होतं. दगडांना चिकटून वाढलेले मेफ्लाय आणि कॅडिसचे किडे पंख फुटायच्या वेळी वर येऊ लागतात आणि तेव्हा मासा त्यांना आरामात टिपतो. वेट फ्लाय ही या वर येणाऱ्या, धडपडणाऱ्या किड्याची नक्कल. कोकणात खाडीवर गरवणाऱ्याला वजनाची आणि आमिषाच्या वासाची सवय असते. इथे दोन्ही नाही. इथे सगळं काम पिसाची हालचाल करते. ती हालचाल मारणारी कुठलीही गोष्ट म्हणजे चूक.

कडक पीस वापरणं

कोंबड्याच्या मानेचं पीस चमकदार आणि ताठ असतं. ते तरंगणाऱ्या ड्राय फ्लायसाठी. वेट फ्लायला कोंबडीचं पीस हवं: मऊ, थोडं निस्तेज, पाणी पिणारं. गावठी कोंबडीच्या मानेवरची आणि खांद्यावरची ठिपकेदार पिसं या कामाला फार चांगली. कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. इंग्रजी पद्धतीत तितराच्या जातीतल्या पक्ष्याचं पीस सांगितलेलं असतं, म्हणून इथल्या तितराच्या मागे लागू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मुळे रानपक्ष्यांची पिसं बाळगणंही अडचणीत आणतं. कोंबडी पुरते.

जाड अंग, दाट कडं

पहिली फ्लाय म्हणून यॉर्कशायरच्या नद्यांवरची पार्ट्रिज अँड ऑरेंज बांधावी. त्यात नारिंगी रेशीम आणि एक पीस, एवढंच असतं. सामान कमी असल्याने चूक लगेच दिसते.

१४ नंबरचा वेट फ्लाय हूक शिकंजात धरण्याआधी त्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. हे आधीच करायचं, कारण दाबताना हूक तुटलाच तर बांधलेली फ्लाय वाया जात नाही. रेशमाला मधमाशांचं मेण एकदा चोळा. नेढ्यामागे नेढ्याएवढी जागा मोकळी सोडून सुरुवात करा, वेढ्याला वेढा लावत हूकच्या टोकाच्या बरोबर वर या, तिथूनच परत फिरा. मागे बाकापर्यंत गेलात की अंग लांबतं आणि फ्लाय बोजड होते. शिलाईचा साधा दोरा वापरला तर दोन थरांतच अंग फुगतं. भरतकामाच्या रेशमाची एकच लड सोडवून घेतली तर चालते.

आता पीस. त्याचे तंतू हूकच्या बाकापर्यंत पोचतील, फार तर किंचित पुढे जातील, एवढेच लांब असावेत. बुडाशी असलेली लव ओढून टाका. पीस टोकाकडून बांधा आणि दीड ते दोन वेढे द्या. तिसरा वेढा देण्याचा मोह प्रत्येकाला होतो, कारण कोरडी फ्लाय दोन वेढ्यांत विरळ दिसते. पण पिसाच्या वेढ्यांचं दाट कडं पाण्यात छत्रीसारखं उघडंच राहतं. विरळ कडं प्रवाहात मिटतं, सैल पडलं की पुन्हा फुलतं, आणि माशाला नेमकं तेच हवं असतं. दोन वेढेही दाट वाटले तर गुंडाळण्याआधी पिसाची एक बाजू पूर्ण सोलून टाका.

तपासणी पेल्यात होते. काचेच्या पेल्यात पाणी भरा, फ्लाय टिपेटला (फ्लाय ज्याला बांधतात त्या टोकाच्या बारीक दोऱ्याला) बांधून बुडवा आणि हळूच ओढून सोडा. नारिंगी रेशीम भिजून तपकिरीकडे झुकतं आणि तंतू अंगाला चिकटून परत सुटतात. ते सुटत नसतील तर पीस कडक आहे किंवा जास्त आहे. ब्लेडने कापून टाका, हूक पुन्हा वापरा.

शेवटची गाठ चार-पाच वेढ्यांची असावी. व्हार्निशचा थेंब सुईच्या टोकाने लावा आणि लगेच एखाद्या पिसाचा दांडा नेढ्यातून आरपार ओढा. नदीकाठी गार पडलेल्या बोटांनी बुजलेलं नेढं उघडण्यासारखा वैताग नाही.

फ्लाय वरच तरंगते

नव्या फ्लायवर मेण असतं, हातांचं तेल असतं. पहिले दहा-बारा फेक ती पाण्याच्या वर पडून राहते आणि मासे बिचकतात. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला नायलॉनचा दोरा, तरंगला तर आणखी वाईट, कारण स्वच्छ पाण्यात त्याची सावली तळावर पडते. उपाय स्वयंपाकघराच्या आसपासच आहे: मुलतानी माती, भांडी घासायचं लिक्विड आणि थोडं ग्लिसरीन एकत्र मळून घट्ट लगदा करा आणि छोट्या डबीत ठेवा. टिपेटच्या शेवटच्या मीटरभर भागावर चोळा, फ्लाय त्याच बोटांनी दाबून भिजवा.

तीन फ्लाय आणि गुंता

पारंपरिक पद्धतीत एका लीडरवर तीन फ्लाय असतात. सुरुवातीला एकच लावा. फेक सरळ पडायला लागली की दुसरी, पहिलीपासून साधारण अर्धा मीटर वर. दुसरीचा लोंबता दोरा १० ते १२ सेंटीमीटरचा ठेवा. तो लांब झाला की मुख्य दोऱ्याभोवती पिळतो. गाठ मारल्यावर दोन टोकं उरतात, त्यातलं रॉडकडून येणाऱ्या, खाली तोंड असलेल्या दोऱ्याचं टोक फ्लायसाठी वापरा. दुसरं टोक वापरलं तर मोठ्या माशाच्या ओढीने गाठच सुटू शकते. गाठ आवळण्याआधी ओली करा, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होतं.

नऊ फुटी, पाच नंबरच्या (हा नंबर लाइनच्या वजनाचा) लाइनसाठीचा रॉड, तरंगती लाइन, साधारण नऊ फूट लीडर आणि ०.१५ ते ०.१८ मिलीमीटरचं टिपेट, एवढ्यात या नद्यांवरचं काम भागतं.

सरळ पाण्यात शिरणं आणि लांब फेकणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. काठापासून दोन-तीन मीटरवर, दगडाच्या आडोशाला चांगला ब्राउन ट्राउट असतो. माणूस गुडघाभर पाण्यात उतरतो, त्याला पळवून लावतो आणि मग पलीकडच्या काठावर फेकत बसतो. पाण्यात पाय घालण्याआधी काठावरूनच चार-पाच मीटर लाइन टाका. मग दर फेकीला अर्धा मीटर वाढवा. जागा पिंजून झाली की दोन पावलं प्रवाहाच्या दिशेने खाली सरका.

फेक प्रवाहाला तिरकी, साधारण ४५ अंशात खाली. लाइन पडताच मधला वेगवान प्रवाह तिला पोट आणतो, म्हणजे मधेच फुगवतो, आणि फ्लाय कुठल्याही किड्याला जमणार नाही अशा वेगाने ओढली जाते. म्हणून लगेच रॉडने ते पोट उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवा. यालाच मेंड म्हणतात. फ्लाय सावकाश सरकत तुमच्या थेट खाली येऊन लाइन ताणली की तिथेच पाच सेकंद लोंबू द्या. बरेच मासे त्या क्षणी घेतात, कारण फ्लाय तेव्हा वर उठते. पुढच्या फेकीची घाई करणाऱ्याला ते कधी कळतच नाही.

धक्का बसतो, पण मासा राहत नाही

कारणं क्रमाने तपासा. रॉडचं टोक थेट फ्लायकडे रोखलेलं आहे का? तसं असेल तर धक्का पचवायला काहीच उरत नाही. रॉड लाइनशी कोन करून धरा आणि बोटाखाली २०-३० सेंटीमीटरचा सैल फास ठेवा. मासा वळला की फास जातो आणि हूक आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. झटका मारू नका, नुसता रॉड उचला. खाली असलेल्या माशाला झटका दिला तर फ्लाय त्याच्या तोंडातून सरळ बाहेर येते. एवढं करूनही सुटत असेल तर हूकचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवा. घसरलं तर बोथट आहे: कानस फिरवा किंवा फ्लाय बदला.

प्रवाहाच्या वर फेकत असाल तर नियम उलटा. फ्लाय तुमच्याकडे वाहत येते, लाइन सैल असते, धक्का जाणवतच नाही. लाइनचं टोक थबकलं की लगेच उचला.

चुकीची वेळ

उन्हाळ्यात दुपारी वरचा बर्फ वितळून पाणी वाढतं आणि राखाडी होतं. सकाळी नितळ असलेला डोह चार वाजता निरुपयोगी होतो. सकाळचे तास आणि ढगाळ संध्याकाळ साधा. जुलै-ऑगस्टमध्ये गढूळ पाण्यात वेट फ्लायला अर्थ नाही. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटचा बंदीकाळ असतो, कारण तेव्हा ब्राउन ट्राउट अंडी घालतो. बाकीच्या दिवसांतही मत्स्य विभागाचा परवाना लागतो. किती मासे आणि केवढे ठेवता येतात, ते परवान्यासोबत विचारून घ्या. हा मासा इथला मूळचा नाही. काश्मीरमध्ये तो १९०० साली रुजला, कुल्लूत माहिलीची हॅचरी १९०९ साली उभी राहिली. पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्याचे हाल होतात, म्हणूनच महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत तो नाही.

धरणाखालच्या पात्रात मात्र उतरूच नका. जून २०१४ मध्ये लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात बियास नदीत हैदराबादच्या इंजिनीअरिंग कॉलेजचे २४ विद्यार्थी वाहून गेले. पाणी गढूळ व्हायला लागलं किंवा काठावरचे ओले दगड बुडायला लागले की सामान न आवरता वर चढा.

सोडायचा मासा ओल्या हातानेच धरा, पाण्याबाहेर काढू नका. काटा दाबलेला असेल तर हूक दोन सेकंदात निघतो.

परत आल्यावर

ओल्या फ्लाय तशाच डबीत बंद केल्या की आठवड्यात हूक गंजतात आणि गंज रेशमावर उतरतो. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात तर नव्या हूकचीही तीच गत. डबी रात्रभर उघडी ठेवून पंख्याखाली वाळवा, मग सिलिका जेलची पुडी घालून बंद करा. पिसं हवाबंद पिशवीत, डांबरगोळीसह. नवीन आणलेली पिसं जुन्यांत मिसळण्याआधी आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. एका पिसातली कसर सगळा साठा खाते.