अ‍ॅक्च्युअरी व्हायचंय? विद्यार्थी सभासदत्व कसं आणि कधी घ्यावं

अ‍ॅक्च्युअरी म्हणजे विमा, पेन्शन अशा व्यवहारांतली जोखीम गणिताने मोजणारा तज्ज्ञ. भारतात अ‍ॅक्च्युअरी होण्याची वाट इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडिया या संस्थेतून जाते. २००६ च्या अ‍ॅक्च्युअरीज कायद्याखाली चालणाऱ्या या संस्थेचं कार्यालय नवी मुंबईत आहे, पण विद्यार्थ्याचं जवळपास सगळं काम ऑनलाइन होतं. आधी एसेट (ACET) ही प्रवेश परीक्षा, नंतर सभासदत्वाचा वेगळा अर्ज आणि वेगळी फी, आणि त्यानंतर पेपर. एसेट पास झालं की आपोआप सभासद झालो, असं अनेकांना वाटतं. तसं नाही.

विद्यार्थी सभासदाला संस्थेच्या पेपरांना बसता येतं. नावापुढे ‘अ‍ॅक्च्युअरी’ लावता येत नाही. ती ओळख पुढची आहे: आधी असोसिएट, मग फेलो. विमा कंपनीचा अपॉइंटेड अ‍ॅक्च्युअरी, म्हणजे कंपनीने नियमानुसार नेमलेला जबाबदार अ‍ॅक्च्युअरी, फेलोच असावा लागतो. बायोडेटात ‘स्टुडंट मेंबर’ आणि उत्तीर्ण पेपरांची नावं, एवढंच लिहा. मुलाखत घेणारे बहुतेक वेळा त्याच परीक्षा देऊन आलेले असतात, त्यामुळे वाढवून लिहिलेलं त्यांना लगेच कळतं.

एसेटमध्ये काय विचारतात

बारावी झालेले आणि बारावीला बसणारे, दोघांनाही ही परीक्षा देता येते. शाखेची अट नाही. वर्षातून ती अनेकदा होते. वेळ ३ तास, प्रश्न ७०, गुण १००. त्यात ४५ प्रश्न १ गुणाचे, २० प्रश्न २ गुणांचे आणि ५ प्रश्न ३ गुणांचे. सगळे बहुपर्यायी. गणिताला ३०, संख्याशास्त्राला ३०, डेटा इंटरप्रिटेशनला (तक्ते-आलेख वाचून उत्तर काढणं) १५, इंग्रजीला १५ आणि तर्कशक्तीला १० गुण. पास व्हायला ५० लागतात. काही ठरावीक व्यावसायिक किंवा उच्च शैक्षणिक पात्रता असणाऱ्यांना एसेटविना थेट प्रवेशाची सोय आहे. नोकरी करणाऱ्यांनी फी भरण्याआधी ती यादी जरूर पाहावी.

महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांचा अभ्यास शाखेप्रमाणे वेगवेगळ्या जागी तोकडा पडतो. कॉमर्सच्या ‘गणित व संख्याशास्त्र’ विषयात मॅट्रिक्स, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, रिग्रेशन, बायनॉमियल आणि पॉयसन ही संभाव्यता वितरणं, हे सगळं येऊन जातं, पण व्हेक्टर येत नाहीत. सायन्सवाल्यांचे व्हेक्टर आणि कॅल्क्युलस पक्के असतात, मात्र बारावीत पॉयसन आणि रिग्रेशन होत नाही. म्हणजे कॉमर्सच्या मुलाने व्हेक्टरना आठवडाभर द्यावा; सायन्सच्या मुलाने संख्याशास्त्राला निदान महिना. सहावी-सातवीत टक्केवारी आली म्हणून डेटा इंटरप्रिटेशन सोडून देऊ नका. इंग्रजी, तर्क आणि तक्ते मिळून ४० गुण होतात, म्हणजे पास होण्याचा बराचसा रस्ता तिथेच संपतो. ज्यांनी दहावीनंतर गणित सोडलं आहे, त्यांनी मात्र या ४० च्या भरवशावर बसू नये. एसेट कशीबशी निघेलही, पण सीएस१ ला, म्हणजे संस्थेच्या संख्याशास्त्राच्या पेपरला, तेच गणित दामदुप्पट वसूल होतं.

पर्याय कसे फसवतात ते एका उदाहरणात पाहा. विमा कंपनीकडे दिवसाला सरासरी २ दावे येतात आणि दावे पॉयसन वितरण पाळतात; ‘किमान २’ दावे येण्याची शक्यता किती? शून्य आणि एक दाव्याची शक्यता १ मधून वजा करायची. शून्याची ०.१३५३, एकाची ०.२७०७, बेरीज ०.४०६, उत्तर ०.५९४. घाईत ‘किमान २’ चं ‘२ पेक्षा जास्त’ झालं की दोनची शक्यताही वजा होते आणि उत्तर ०.३२३ येतं. अशा चुकीचं उत्तरही पर्यायांत ठेवलेलं असतं. आपला आकडा यादीत सापडला म्हणून तो बरोबर, असं धरून चालू नका.

वेळेचं गणित असं ठेवा: एक गुणाला दीड मिनिट, दोन गुणांना तीन मिनिटं, तीन गुणांना पाच. सगळे मिळून साधारण १५३ मिनिटं होतात आणि उरलेली २७ मिनिटं खूण करून ठेवलेल्या प्रश्नांसाठी राहतात. तीन गुणांचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला नाही तर पुढे जा. त्या वेळात एक गुणाचे तीन प्रश्न होतात.

अर्ज भरताना

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर बहुधा उलट. पॅनवर कधी वडिलांचं नावच नसतं. अर्जात एकदा एक, एकदा दुसरं लिहिलं की परीक्षेच्या दिवशी ओळखपत्र जुळत नाही किंवा सभासदत्वाच्या वेळी कागद परत येतात. परीक्षेला जे ओळखपत्र दाखवणार, त्यावरचं नाव अक्षरन् अक्षर तसंच भरा, आणि पुढे सगळीकडे तेच ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्यांनी पुराव्याचा कागद स्कॅन करून तयार ठेवावा.

ईमेल स्वतःचा द्या. कॉलेजचा पत्ता पदवीनंतर बंद होतो, क्लासने काढून दिलेला तर तुमचा नसतोच. या पत्त्यावर पुढची कित्येक वर्षं निकाल आणि वर्गणीच्या सूचना येणार आहेत.

२०२० नंतर एसेट घरून, कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली देण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या खेपेला घरून आहे की केंद्रावर, ते त्या खेपेच्या सूचनापत्रातच पाहा. कॅल्क्युलेटरचा नियमही तिथेच असतो. घरून असेल तर सराव चाचणी टाळू नका, आणि ती ज्या लॅपटॉपवर आणि ज्या नेटवर दिली, त्याच्यावरच परीक्षा द्या. ऑफिसचा लॅपटॉप नको. त्यातलं सुरक्षा सॉफ्टवेअर परीक्षेचं अ‍ॅप अडवतं. विंडोजचं अपडेट आदल्या रात्रीच उरकून घ्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर देणार असाल तर फोन आला की नेट तुटू शकतं, म्हणून त्या नंबरवरचे कॉल दुसरीकडे वळवा. वीज जाणाऱ्या गावात राउटरलाही इन्व्हर्टरचं कनेक्शन हवं. लॅपटॉपची बॅटरी पुरते आणि वायफाय मात्र बंद पडतं, हे सगळ्यांच्या उशिरा लक्षात येतं. खोलीत दुसरं कुणी येता कामा नये. घरच्यांना नीट सांगून ठेवा.

पास झाल्यावर घाई करू नका

एसेटचा निकाल ३ वर्षं ग्राह्य असतो. त्या मुदतीत कधीही विद्यार्थी सभासदत्व घेता येतं. क्लासवाले लगेच घ्या म्हणतात. आमचा सल्ला वेगळा आहे. सभासद झालात की दर आर्थिक वर्षाला वर्गणी सुरू होते, पेपर द्या किंवा देऊ नका; पेपरांची फी त्यावर वेगळी. एफवायच्या मुलाने सभासद होऊन दोन वर्षं एकही पेपर दिला नाही, तर दोन वर्गण्या वाया. त्यापेक्षा पहिला पेपर कोणत्या सत्रात द्यायचा ते आधी ठरवा आणि तिथून मागे मोजा.

संस्थेचे पेपर वर्षातून दोनदा होतात, मे-जून आणि नोव्हेंबरच्या आसपास. त्यांची नोंदणी बरीच आधी बंद होते, आणि नोंदणीसाठी सभासद क्रमांक हातात लागतो. कागदांची तपासणी, शंका, दुरुस्ती यात दिवस जातात. म्हणून नोंदणी सुरू होण्याच्या दीड-दोन महिने आधी अर्ज टाका. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज करणाऱ्याने एप्रिलची वर्गणी लगेच लागणार का, हे आधी विचारून घ्यावं.

अर्जासोबत फोटो, ओळखपत्र, जन्मतारखेसाठी दहावीचा दाखला, बारावीची गुणपत्रिका आणि एसेटचा निकाल तयार ठेवा. बारावीत असतानाच एसेट दिलेल्यांना बोर्डाच्या निकालापर्यंत थांबावंच लागतं. गुणपत्रिकेचा मोबाइलने काढलेला तिरका, सावली पडलेला फोटो देऊ नका. शंभर मीटरवर झेरॉक्सचं दुकान असतं, तिथे स्कॅन करून घ्या. वर्गणी थकली की पेपरची नोंदणी अडते, म्हणून एप्रिलची आठवण फोनमध्ये लावून टाका.

पहिला पेपर

एसेटचं संख्याशास्त्र ताजं असेल तर सीएस१ घ्या. त्याचा पाया तोच आहे. कॉमर्सच्या मुलाला अर्थशास्त्राचा सीबी२ जोडीला झेपतो. सीएस१ आणि सीएम१ (अ‍ॅक्च्युअरियल गणिताचा पेपर) एकाच सत्रात घेण्याचा मोह कॉलेज चालू असताना आवरावा. सीएस१ चा दुसरा भाग संगणकावर, आर या भाषेत सोडवायचा असतो. पुष्कळ जण सूत्रं घोकतात आणि आर शेवटच्या पंधरवड्यात उघडतात. तेव्हा आज्ञा आठवतात, पण डेटाची फाइलच उघडत नाही आणि त्यातच वेळ जातो. आर फुकट मिळतं. सभासद क्रमांक यायची वाट पाहत असतानाच ते लॅपटॉपवर टाका आणि एसेटच्या पुस्तकातली पॉयसनची गणितं त्यात पुन्हा सोडवा.