प्रयोगशाळेतला मॅक बदलताना: इंटेलवरून अ‍ॅपल सिलिकॉनवर

प्रयोगशाळेतला इंटेल चिपचा मॅक काढून अ‍ॅपल सिलिकॉनचा, म्हणजे अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम-मालिकेतील चिपचा मॅक घ्यायचा असेल, तर आधी त्याला जोडलेली उपकरणे तपासावीत आणि सॉफ्टवेअरचा विचार नंतर करावा. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिपचे मॅक आले, तेव्हा इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्राम चालावेत म्हणून अ‍ॅपलने रोझेटा २ हे त्यांचे नव्या चिपसाठी रूपांतर करणारे सॉफ्टवेअर दिले. त्यावर बहुतेक प्रोग्राम चालतात, परंतु ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बसणारे ड्रायव्हर (उपकरणाशी संवाद साधणारे प्रोग्राम) रोझेटाच्या आवाक्याबाहेर आहेत. त्यामुळे स्पेक्ट्रोमीटरचा प्रोग्राम उघडतो, मेनू दिसतात, आणि उपकरण मात्र सापडत नाही. नव्या चिपसाठीचा ड्रायव्हर आहे का, हे उत्पादकाला खरेदीपूर्वी लेखी विचारावे. बूट कॅम्पने विंडोज चालवण्याची सोयही नव्या मॅकवर नाही. ड्रायव्हर मिळत नसेल, तर जुना संगणक त्या उपकरणापाशीच राहू देणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

कोणता प्रोग्राम अजून रोझेटावर चालतो, हे मॅकवरच्या अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर या प्रोग्राममधील ‘काइंड’ या रकान्यात ‘इंटेल’ किंवा ‘अ‍ॅपल’ असे दिसते. ही तपासणी टाळू नये, कारण रोझेटा पूर्ण स्वरूपात मॅकओएस २७ पर्यंतच राहील, असे अ‍ॅपलने २०२५ मध्ये जाहीर केले आहे. सांख्यिकीसाठीची भाषा ‘आर’ हिच्या ४.१.० पासून आणि मॅटलॅब या गणनाच्या सॉफ्टवेअरच्या आर२०२३बी पासून नव्या चिपसाठीच्या आवृत्त्या मिळतात. पायथनमध्ये एकाच प्रोसेसमध्ये दोन्ही चिपांचा कोड मिसळता येत नाही, म्हणून जुने एन्व्हायर्नमेंट (बसवलेल्या पॅकेजांचा संच) उचलून न आणता पॅकेजांच्या यादीवरून ते नव्याने उभारावे.

खरी काळजी घ्यायची ती आकड्यांची. इंटेल मॅकवर सी भाषेतील लाँग डबल हा दशांश संख्यांचा प्रकार ८० बिटांच्या अचूकतेने चालतो, तर अ‍ॅपल सिलिकॉनवर तो साध्या डबलइतकाच, म्हणजे ६४ बिटांचा असतो. आरमधील ‘सम’ (बेरीज) आणि ‘मीन’ (सरासरी) ही फंक्शने आतून लाँग डबलवरच बेरीज करत असल्यामुळे लाखो नोंदींच्या बेरजेत शेवटचे काही अंक बदलू शकतात, आणि त्यात कोणाचीही चूक नसते. म्हणून प्रसिद्ध झालेले एखादे विश्लेषण दोन्ही यंत्रांवर चालवून उत्तरे तंतोतंत जुळण्याची अपेक्षा न धरता ठरावीक मर्यादेत जुळतात का ते पाहावे. तिसऱ्याच दशांश स्थळी फरक दिसला, तर चिपला दोष देण्याआधी पॅकेजांच्या आवृत्त्या, यादृच्छिक संख्यांचे बीज (ज्या आकड्यापासून त्या तयार होतात तो) आणि गणनपद्धतीची संवेदनशीलता तपासावी. ही तुलना पुरी होईपर्यंत जुना मॅक पुसू नये.