मायटोकॉन्ड्रिया ‘वाचवले’ म्हणण्याआधी या चुका टाळा

कॅल्शियमने मायटोकॉन्ड्रिया का मरतात, हे एमएस्सीच्या मुलांना पाठ असतं. आतल्या पटलावरचा विद्युतभार कॅल्शियम आत ओढतो, साठा हाताबाहेर गेला की ट्रान्झिशन पोअर हे त्या पटलातलं छिद्र उघडतं, पाणी शिरतं, मायटोकॉन्ड्रिया फुगतात, बाहेरचं पटल फाटतं. तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी. औषधाने हे मरण टळतं का, हे तपासणारा प्रयोग मात्र दरवर्षी त्याच खड्ड्यात.

पहिला खड्डा ईजीटीएचा. मायटोकॉन्ड्रिया काढायला लिव्हर घोटताना बफरमध्ये कॅल्शियम धरून ठेवणारं ईजीटीए १ मिलिमोलर हवंच, नाहीतर फुटलेल्या पेशींतलं कॅल्शियम तिथेच घात करतं. पण शेवटचं धुणं ईजीटीएशिवायच्या बफरने करायचं असतं, आणि घाईत नेमकं तेच गाळलं जातं.

एक विद्यार्थिनी आनंदाने ग्राफ घेऊन आली. औषध दिलेल्या रॅटच्या मायटोकॉन्ड्रियांनी भरपूर जास्त कॅल्शियम पचवलं होतं. पेपरचं शीर्षकसुद्धा तयार! मी कच्ची रेषा मागितली. दर वेळी १० मायक्रोमोलर कॅल्शियम सोडलं की बाहेरचं कॅल्शियम दाखवणाऱ्या डायची रेषा टोकदार वर जाते आणि मायटोकॉन्ड्रिया ते ओढून घेतील तशी खाली येते. हिची रेषा सुरुवातीला सपाट. “मॅडम, इतक्या पटकन आत घेतात!” पटकन कसलं, धुणंच झालं नव्हतं. कंट्रोलचे, म्हणजे औषध न दिलेल्या रॅटचे, ५० मायक्रोलिटर १ मिलिलिटरमध्ये टाकले, म्हणजे ५० मायक्रोमोलर ईजीटीए; पहिले पाच डोस त्यानेच गिळले. औषधवाल्यांचं प्रोटीन कमी भरलं म्हणून तिथे १०० मायक्रोलिटर टाकलेले. दहा डोस गायब. नीट धुवून पुन्हा केलं, औषधाचा गुण उडाला.

मी दोनदा धुते, पेलेटवरचा, म्हणजे नळीच्या तळाशी बसलेल्या मायटोकॉन्ड्रियांवरचा, थेंबन्‌थेंब टिपते आणि एका नळीत आरयू-३६० घालून कॅल्शियमचं आत जाणं बंद करते. तिथे पहिल्याच डोसला रेषा वर जाऊन वरच राहायला हवी. नाही राहिली तर त्या दिवशीचं काम बंद.

दुसरा खड्डा: सूज आली नाही म्हणजे संरक्षण झालं. एखाद्या अर्काने विद्युतभारच पाडला तर कॅल्शियम आत जाणारच नाही, मग सूज दाखवणारी ५४० नॅनोमीटरची रेषा हलेल कशाला? विद्युतभार पाडणारं एफसीसीपीसारखं विषही या हिशेबाने औषध ठरेल. सूज आणि बाहेरचं कॅल्शियम, दोन्ही मोजा. एकच रेषा घेऊन माझ्याकडे येऊ नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. फ्लुओ-४ हा डाय थोड्याच कॅल्शियमने लगेच भरून जातो, कॅल्शियम ग्रीन-५एन वापरा. फॉस्फेट आणि मॅग्नेशियम रोज तेवढंच ठेवा. पहिलं पोअर उघडायला मदत करतं, दुसरं अडवतं. इंधन म्हणून दिलेल्या सक्सिनेटसोबत श्वसनसाखळीचा पहिला टप्पा अडवणारं रोटेनोन विसरू नका. पेलेट व्होर्टेक्स करणाऱ्याशी, म्हणजे यंत्रावर जोरात घुसळणाऱ्याशी, मी त्या दिवशी बोलत नाही. आणि सकाळचे मायटोकॉन्ड्रिया संध्याकाळी वापरू नका, बर्फात असले तरी म्हातारे होतात.

राहिलं सायक्लोस्पोरिन हे औषध. ते पोअर उघडायला मदत करणाऱ्या सायक्लोफिलिन डी या प्रोटीनला धरून पोअर उघडणं लांबवतं, कायमचं थांबवत नाही. कॅल्शियम वाढवत गेलात तर पोअर उघडणारच. पेशींवर वापरताना शेजारी तुलनेसाठी एफके-५०६ हे औषध लावा, कारण कॅल्सिन्युरिन हे पेशीतलं एन्झाइम दोघंही अडवतात, सायक्लोफिलिन डी मात्र एफके-५०६ अडवत नाही. आणि प्रबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात ‘हार्ट अटॅकवर उपाय’ लिहिण्याआधी २०१५ सालची सर्कस चाचणी वाचा: हार्ट अटॅकचे ९७० रुग्ण, सायक्लोस्पोरिन शिरेतून दिलं, फायदा दिसला नाही.