मुंबई ते लंडन : अंतर एक, वेळा अनेक

विमानोड्डाणांच्या नियोजनाचे काम शिकण्यासाठी मी अंधेरीतील एका कार्यालयात रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांनी विचारले की, मुंबईहून लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पोहोचायला किती वेळ लागतो. समोरच्या हिवाळी वेळापत्रकात दुपारी २ वाजता निघणारे विमान संध्याकाळी साडेसहाला उतरत होते, म्हणून मी साडेचार तास असे उत्तर दिले. दोन्ही वेळा स्थानिक होत्या, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास. त्यामुळे दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत मांडायच्या आणि मगच वजाबाकी करायची. तसे केल्यावर उत्तर १० तास आले.

अंतराचे गणित मला अधिक गोडीचे वाटते. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली, तर या मार्गाचा मध्य सीरियाच्या किनाऱ्याजवळ येतो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला, तर तोच मध्य कितीतरी उत्तरेला, जॉर्जियातील तिबिलिसीच्या आसपास सापडतो. दोऱ्याचा हा मार्ग म्हणजेच बृहद्वृत्त, आणि तोच सर्वांत जवळचा. दोन्ही विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांवरून त्यांच्यातील पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन सुमारे ६४.९ अंश निघतो. एका अंशाचे ६० सागरी मैल आणि एका सागरी मैलाचे १.८५२ किलोमीटर धरले की अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर होते. संगणक हे उत्तर क्षणात देतो, तरीही नवोदितांनी पहिले दहा मार्ग हातानेच काढावेत, असे माझे ठाम मत आहे, कारण त्याशिवाय संगणकाची चूक डोळ्यांना खुपत नाही.

ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर ८ तासांत कापले जायला हवे. मात्र पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे वारे, विशेषतः हिवाळ्यात जोर धरणारा जेट प्रवाह, लंडनला जाताना समोरून येतात. सरासरी ११० किलोमीटरचा प्रतिकूल वारा धरला, तर जमिनीच्या संदर्भात वेग ७९० वर येतो आणि ९ तासांहून अधिक वेळ लागतो. परतताना तोच वारा पाठीशी असतो. शिवाय प्रत्यक्ष मार्ग बृहद्वृत्तापेक्षा लांब असतो. २०१९ मध्ये फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने हवाई हद्द बंद केल्यावर आपल्या विमानांना वळसा घ्यावा लागला, तेव्हा ७,२०० हा आकडा तसाच राहिला, पण इंधनाचा हिशेब बदलला.

वेळापत्रकातील वेळ ही ‘ब्लॉक टाइम’ असते, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतची. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि रांगेतील मिनिटेही याच वेळेत मोजली जातात. पावसाळ्यात परतीच्या विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागतील किंवा अहमदाबाद, हैदराबादकडे वळावे लागेल, हे धरूनच इंधन ठरवावे लागते.

शिकाऊ मुलामुलींना मी एक वही घालायला सांगते. जानेवारीतला एक आठवडा आणि जुलैतला एक आठवडा निवडून मुंबई-लंडन जाण्या-येण्याच्या नियोजित व प्रत्यक्ष वेळा यूटीसीमध्ये लिहायच्या आणि प्रत्येक फरकासमोर वारा, मार्ग की धावपट्टी, यांपैकी कारण नोंदवायचे.