फोन खोलीत नेमका कुठे आहे? छतावरच्या दिव्याकडून असं शोधा

छताखाली गेलं की जीपीएस भरकटतो. २०१५ साली फ्रान्समधल्या लील शहरात कारफूरच्या दुकानात फिलिप्सने दिव्यांनाच पत्ता सांगायला लावलं: प्रत्येक दिवा वेगळ्या तऱ्हेने लुकलुकणार, डोळ्याला ते कळणार नाही, कॅमेऱ्याला कळणार. एका दिव्यावर हे घरी जमतं.

२३० व्होल्टचा बल्ब उघडू नका. मिठाईचा फूटभर रुंद खोका घ्या, आत १२ व्होल्टची एलईडी पट्टी चिकटवा, तोंडाला बटर पेपर लावा आणि तोंड खाली करून खोका छताला टांगा. पट्टी आर्डुइनोवरून (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) मॉस्फेटमार्फत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचमार्फत चालवा, आयआरएलझेड४४एन हा मॉस्फेट पुरतो. आर्डुइनो आणि १२ व्होल्टचा पुरवठा यांचं ग्राउंड (ऋण टोक) एकत्र जोडा. आर्डुइनोच्या टोन फंक्शनने २००० हर्ट्झ द्या, म्हणजे दिवा सेकंदाला २००० वेळा लुकलुकेल. दिवा शांत पेटलेला दिसेल.

आता खरी मेख. फोन पालथा ठेवा, मागचा कॅमेरा वर. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/८००० सेकंद करा, टायमर लावून फोटो घ्या. कॅमेरा चित्र एकदम टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. म्हणून दिव्यावर काळे-पांढरे पट्टे उमटतात. शटर ऑटोवर राहिलं तर पट्टे पुसले जातात आणि माणूस उगाच वायरिंग तपासत बसतो. मी बसलो होतो, दोन संध्याकाळी.

गंमत अशी की फोन लांब नेला तर दिवा लहान दिसतो, पट्ट्यांची रुंदी मात्र तीच राहते. २००० हर्ट्झला काळा-पांढरा जोड ७५ पिक्सेलचा असेल, तर ५० पिक्सेलवाला दिवा ३००० हर्ट्झचा. हीच दिव्याची ओळख. दुसऱ्या दिव्याला पहिल्याच्या तिप्पट वारंवारता मात्र देऊ नका, चालू-बंद होणाऱ्या दिव्याच्या चौकोनी लहरीत ती आधीच लपलेली असते.

जागा काढायला एकदा माप घ्या. समजा दिवा फोनच्या २०० सेंमी वर, ४० सेंमी बाजूला, आणि फोटोत मध्यापासून ६०० पिक्सेलवर आहे. ६०० × २०० ÷ ४० = ३०००, हा तुमच्या कॅमेऱ्याचा आकडा. पुढे दिवा ४५० पिक्सेलवर दिसला, तर ४५० × २०० ÷ ३००० = ३० सेंमी, म्हणजे दिवा फोनच्या इतका बाजूला आहे. फोटोतलं आडवं आणि उभं अंतर वेगवेगळं काढा. डावं-उजवं उलटं धरलंत तर फोन शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात निघतो.

फोन सपाट हवा. ५ अंश कलला तरी इथे १७ सेंमीची चूक होते. एका दिव्यासोबत फोनची दिशा होकायंत्रावरून घ्यावी लागते. दोन दिवे एकाच फोटोत आले, तर तीही गरज नाही.